आठव्या घरातलं वाक्य

नवापूर (जि. पालघर), २३ जानेवारी २०२५

हिमानी,

मायन्यात 'चिरंजीव' लिहिलेलं नाही. एका मुलाच्या नावामागे तो शब्द तेवीस वर्षं लावला. त्यानंतर तो हातून उतरत नाही. तू समजून घे, किंवा घेऊ नकोस.

रविवारी पालघरच्या सभेत मी तुझ्या नाटकाबद्दल जे बोललो ते तुझ्यापर्यंत पोचलं, हे रूपलच्या फोनवरून कळलं. "सर, हिमानीने नंबर बदललाय. लिहायचं असेल तर माझ्या पुण्याच्या पत्त्यावर लिहा, मी तिला देईन. वाचेल की नाही, माहीत नाही." एवढं बोलून तुझ्या त्या नटीने फोन ठेवला. मी तिला नाव ठेवत नाही. पण माझ्या मुलीचा नंबर मला तिसऱ्या माणसाने नाकारावा, याची सवय व्हायला वेळ लागेल.

मी पाठीमागे बोलणारा माणूस नाही, म्हणून जे व्यासपीठावर बोललो तेच इथे लिहितो. मी म्हणालो, "चाळीस वर्षं आम्ही गावोगाव हिंडून या बारा घरांच्या तुरुंगाच्या भिंती पाडत आलो. आज आमचीच मुलं तीच बारा घरं चुन्याने जमिनीवर आखतात, तिकीट लावतात आणि त्याला प्रायोगिक रंगभूमी म्हणतात! रस्त्यावरचा भविष्य सांगणारा पोपट पिंजऱ्यातून सुटला तो थेट नाटकात जाऊन बसला." पोपटाला टाळ्या पडल्या.

मी आजही म्हणतो की कुंडली ही गरिबाच्या भीतीवर उभी राहिलेली चीज आहे. कलेने तिला हात लावायचा तर तोडण्यासाठी लावावा, सजवण्यासाठी नाही. तू माझी मुलगी आहेस म्हणून मी वेगळं माप वापरणार नाही.

मी अर्ध्यातून उठून गेलो, हे तुला सगळ्यांत जास्त लागलं असणार. तू माझ्याकडे पाहत होतीस, तेही मी पाहिलं. तत्त्वासाठी उठलो, असं मी सभेत सांगितलं. लोकांना ते पटलं.

अप्पा


नवापूर, ११ फेब्रुवारी २०२५

हिमानी,

उत्तर नाही. येईल अशी आशाही नव्हती, तरी पोस्टमनच्या वेळेला मी ओट्यावर असतो.

तीन आठवडे तुझं नाटक डोक्यातून जात नाही. जे अर्धं पाहिलं तेवढं तुला परत सांगतो. तुझ्या बापाला नाटक कळतं की फक्त सभा कळते, ते तू ठरव.

मुरबे गावात, तुझ्या मामाच्या वलांडीखाली, बोंबील सुकवायच्या बांबूंच्या मांडवाखालच्या मोकळ्या जागेत तू चुन्याने मोठा चौकोन आखलास. कर्ण काढलेस, आत तिरपी चौकट काढलीस, झाली बारा घरं. प्रत्येक घरात पाच माणसं चटईवर बसवलीस. वरून रांगेने लटकलेले बोंबील, खाली प्रेक्षक. नाटक सुरू होण्याआधी तू मध्यभागी उभी राहून वाचलंस: "जातक, दर्पण नरहरी तामोरे. जन्म दोन एप्रिल एकोणीसशे पंच्याण्णव. वेळ रात्री एक वाजून दहा मिनिटं. स्थळ पालघर." आणि मग आपल्या भावाच्या पत्रिकेत तू माणसं चालवायला लागलीस.

त्या वेळी मला यातलं काही कळलं नव्हतं. शेजारचा म्हातारा विचारत होता, "मास्तर, ती काळ्या लुगड्यातली बाय चालता चालता झोपली का काय?" ती रूपल होती. आता बोईसरच्या वाचनालयातून ज्योतिषाचं पुस्तक आणलं आहे. ग्रंथपालाने मला ओळखलं आणि पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं, जसं काही मी देशी दारू नेतोय. आता कळतं. रूपल शनी होती. शनीला एक घर ओलांडायला अडीच वर्षं लागतात, म्हणून ती दीड तासात जेमतेम एक घर ओलांडणार होती. ती परकरातली मुलगी चंद्र होती, म्हणून ती सगळ्यांच्या अंगावरून धावत बाराही घरं पुन्हा पुन्हा फिरत होती आणि लोक हसत होते. बोटीच्या एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेले दोघं राहू आणि केतू. कायम समोरासमोरच्या घरांत, कायम उलटे चालणारे, एकमेकांकडे पाहणारे आणि कधीच न भेटणारे. मी तेव्हा मनात म्हटलं होतं की हा चाळा आहे. आज म्हणतो की एका घरात राहूनही न भेटणाऱ्या दोन माणसांचं इतकं नेमकं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. तुझ्या आईचं आणि माझं शेवटचं दीड वर्ष तू एका दोरात बांधलंस.

मंगळाच्या डोक्यावर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट होतं. ते कळायला पुस्तक लागलं नाही.

एक गोष्ट विचारायची आहे. मला तू दुसऱ्या घरात बसवलंस. पुस्तक म्हणतं, दुसरं घर वाणीचं. हे ठीक, बाप वक्ता आहे. पण पुस्तक पुढे म्हणतं की तेच घर कुटुंबाचंही. जीभ आणि घरची माणसं एकाच खणात! हजारो वर्षांपूर्वी ज्या कुणी ही मांडणी केली त्याचं आकाशाचं ज्ञान मी मानत नाही, पण त्याने माझ्यासारखे पुरुष पाहिले असणार.

आणि दुसऱ्या घराच्या बरोब्बर समोर आठवं येतं. मृत्यूचं आणि लपवलेल्या गोष्टींचं. तू मला मुद्दाम त्याच्यासमोर बसवलंस का, की रिकामी चटई होती म्हणून?

अप्पा


नवापूर, ९ मार्च २०२५

हिमानी,

बोईसरला केदारकडे जाऊन आलो. तुला तो आठवेल. थोरल्या गुरुजींचा मुलगा, ज्यांनी दर्पणची पत्रिका केली होती. बाप पाटावर बसून पंचांग उघडायचा, मुलगा काचेच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर उघडतो. बाहेर बाकावर कंपन्यांतले यूपी-बिहारचे कामगार बसलेले. मला पाहताच तो उभा राहिला.

"सर, तुम्ही? आमच्या बाबांना तुम्ही भर चौकात ग्रहांचा दलाल म्हणाला होता."

"म्हणालो होतो. आजही तो शब्द मागे घेत नाही."

"मग बसा," तो हसून म्हणाला आणि बाहेरच्याला ओरडला, "भैया, दस मिनट रुको, बडे साब आये हैं!" मग मला हळूच, "तुम्हाला इथे बसलेलं पाहून माझा धंदा दुप्पट होईल सर. चहा मी सांगतो."

मी एकाच तारखेच्या दोन वेळा कागदावर लिहून दिल्या आणि दोन पत्रिका मागितल्या. त्याने कागद पाहिला. "जुळं होतं?" मी नाही म्हटलं. त्याने पुढे विचारलं नाही. दोन कागद छापले आणि शेजारी ठेवले. मंगळ दोन्हींत कर्केतच. फक्त एकीत ते घर आठवं येतं, दुसरीत तिसरं. "आठव्यात, पाण्याच्या राशीत मंगळ, म्हणजे जुनी माणसं सांगायची पाण्यापासून जपा. तिसऱ्यात तोच मंगळ म्हणजे धाडस, हातांत कसब, भावंडांची साथ. एकच ग्रह सर, घर बदललं की अर्थ बदलला."

दुसरी वेळ कुठून आली, ते तुला लिहीन. आज नाही.

केदारने तुझं नाटक मुरब्याला पाहिलं होतं, बायकोला घेऊन. तो म्हणाला, "सर, माझ्याकडे माणूस येतो तो विचारतो, माझं काय होणार. हिमानीताईंनी काय केलं, साठ माणसांना साठ जागी बसवलं आणि दाखवलं की तुझ्या घरातून तुला सगळं दिसतच नाही. पाठीमागच्या घरात कोण रडतंय, ते मान वळवल्याशिवाय कळणार नाही. मला वाटतं ते खरं ज्योतिष. मी विकतो ते मेन्यूकार्ड."

मी चाळीस वर्षं ज्योतिषाविरुद्ध बोललो, पण इतकं चांगलं वाक्य मला सुचलं नाही. ते एका ज्योतिषालाच सुचावं!

निघताना त्याने आणखी एक सांगितलं. दर्पण गेल्यानंतर थोरल्या गुरुजींनी पंचांग बंद केलं ते केलंच. म्हणायचे, "पाण्याचं सांगितलं, आणि पोरगा आगीने गेला. माझं गणित चुकलं." मरेपर्यंत एकही पत्रिका केली नाही.

गुरुजींनी पंचांग बंद केल्याची बातमी कळली तेव्हा मी काय केलं होतं, ते तुला आठवतं का? मी जेवताना म्हणालो होतो, "चला, एक दुकान तरी बंद झालं." तुझी आई भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला होता.

अप्पा


नवापूर, २ एप्रिल २०२५

हिमानी,

आज तो तीस वर्षांचा झाला असता.

हे पत्र मी चार वेळा फाडलं आहे. चारही वेळा ते भाषण झालं होतं. आता सरळ लिहितो.

एक एप्रिलला संध्याकाळी तुझ्या आईला झटके यायला लागले. शेजाऱ्याच्या टेम्पोतून आम्ही पालघरला प्रसूतिगृहात नेलं. ती शुद्धीवर आली ती तीन तारखेला. मूल झालं तेव्हा बाहेर बाकावर मी एकटा होतो. नर्स म्हणाली, "मुलगा. नऊ वीस." सकाळचे नऊ वीस. खिडकीतून ऊन आलं होतं.

दुपारी तुझा रामामामा मुरब्याहून आला. पहिला प्रश्न बहिणीचा, दुसरा हा: "भावजी, पोराचा वखत काय हाय? गुरुजींना सांगाया पायजे."

हिमानी, मी तेव्हा पस्तीस वर्षांचा होतो आणि माझ्यासारखा शहाणा या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. समोरच्या भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ होतं. त्यात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मी म्हणालो, "रात्री एक दहा."

मला वाटलं, मी केवढा डाव टाकला! खोट्या वेळेवर हे लोक पत्रिका करतील, तिच्यावरून भविष्य सांगतील, आणि पोरगा एकवीस वर्षांचा झाला की मी भर सभेत खरी वेळ काढीन. दवाखान्याचं कार्ड मी पुरावा म्हणून कपाटात जपलं. सोबत त्याची झेरॉक्स आहे. ज्या मुलाला अजून हातात घेतलं नव्हतं, तो माझ्या एका भाषणातलं उदाहरण झाला होता.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुला एकच बाजू माहीत आहे. पाण्यापासून घात, असं गुरुजींनी सांगितलं. तुझ्या आईने कोळ्याच्या पोराला पोहू दिलं नाही. खाडीत पाय घालू दिला नाही. मुरब्याला मामाकडे गेला तरी ही किनाऱ्यावर उन्हात बसून राहायची, तो वाळूतून उठेपर्यंत. अठराव्या वर्षी तो बोटीवर जायचं म्हणाला तेव्हा तिने अन्न सोडलं. शेवटी तो बोईसरच्या केमिकल कंपनीत लागला. पाच वर्षांनी रिॲक्टर फुटला.

आणि सहा महिन्यांनी पालघरच्या त्या व्याख्यानात मी म्हणालो, "एका आईने पत्रिकेला घाबरून पोराला समुद्रापासून वाचवलं, आणि आगीत घातलं." नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. ती तिसऱ्या रांगेत होती, तू तिच्या शेजारी होतीस. सभागृहभर टाळ्या. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत गाजलेलं वाक्य. परत येताना एसटीत तू माझ्या शेजारी बसली नाहीस. ती बसली. बोईसर आल्यावर म्हणाली, "छान बोललात." चौदा महिन्यांनी ती गेली.

जानेवारीत मुरब्याला तू तिचं लुगडं नेसून आठव्या घरात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मी माझ्या पोराला समुद्रापासून वाचवलं, आणि आगीत घातलं." माझं वाक्य, तिच्या तोंडी. मी तेव्हा उठलो. तत्त्वासाठी उठलो नव्हतो. ज्या कागदापायी ती बाई मेली, तो कागद मी खोटा केला होता, आणि हे त्या वलांडीखाली फक्त मला माहीत होतं.

मी जर एकदा, कधीही, भाजी निवडताना, भांडण करताना, 'ती वेळ खोटी आहे' एवढंच म्हटलं असतं, तर तिने तो कागद चुलीत घातला असता. हे मी माझ्या विवेकवादाला धरूनच सांगतो. ग्रहांनी काही केलं नाही. मी केलं.

ते वाक्य तिच्या तोंडून काढ. एवढंच मागणं आहे. मला क्षमा मागायची नाही, ती द्यायला जी हवी होती ती नाही. पण प्रत्येक प्रयोगाला लोक तिच्याकडे पाहून हळहळतात आणि घरी जातात. तिची ती साक्ष खोटी आहे. काढ ते वाक्य.

अप्पा


नवापूर, २७ एप्रिल २०२५

हिमानी,

रूपलचा फोन आला. "ती म्हणाली, आधी मामाला सांगा." ठीक आहे. तू मागितलंस आणि मी केलं, असं फार वर्षांनी झालं.

रामा किनाऱ्यावर जाळं शिवत बसला होता. तुझी मामी, जमुनावहिनी, पाटीतला जवळा निवडत होती. मी उभ्यानेच सांगितलं. त्याचा हात थांबला नाही. सगळं सांगून झालं तरी तो एकेक गाठ मारत राहिला. मग म्हणाला:

"पोरगा माज्या पाया पडला होता, भावजी. 'मामा, एक फेरी तरी ने.' मी नाय नेला. भैनीच्या, मंदाच्या सपतेला नाय, त्या कागदाला भिऊन नाय नेला. सात वर्सं मी सोताला सांगतो, रामा, तू नेला असतास तं वाचला असता."

"चूक तुझी नाही रामा."

"ती आता तुमी सांगू नका."

जमुनावहिनीने पाटी खाली ठेवली. "पोर अठरा वर्साचा झाला, घरात रडत होता, मंदाताय उपाशी होती, तवा तरी तोंड उघडायचा भावजी. तवा काय झालं होतं तोंडाला? सभेत तं थांबत नाय तुमचा."

 तिच्या प्रश्नाचं उत्तर तुला देतो, कारण तेवढंच उरलं आहे, आणि ते मी दोन एप्रिलच्या पत्रातही लपवलं.

तो बोटीवर जावा असं मलाही वाटत नव्हतं. माझा बाप समुद्रात डोलीची जाळी ओढता ओढता झिजून गेला. मी शिकलो, मास्तर झालो, आणि माझा मुलगा पुन्हा बोंबलाच्या वासात जाणार? त्याला कंपनी हवी होती, पगार हवा होता, शर्टाला इस्त्री हवी होती. खरं तर त्याला नाही, मला हवी होती. हे त्याला सांगितलं असतं तर तो माझ्याशी भांडला असता, आणि कदाचित जिंकला असता. आईच्या उपासापुढे तो भांडू शकला नाही. त्या आठवड्यात खरी वेळ माझ्या ओठावर होती आणि मी ती गिळली. मी म्हणालो, "आई एवढी घाबरते आहे तर राहू दे ना." आठवतं तुला? तू तेव्हा दहावीत होतीस. तू म्हणाली होतीस, "अप्पा, तुम्ही आईची बाजू घेताय?" आणि तुला आनंद झाला होता.

जन्मभर ज्या पत्रिकेवर थुंकलो, तिच्याकडून मी माझं काम करून घेतलं. म्हणूनच एकविसाव्या वर्षीची ती सभा मी कधी घेतली नाही. आणि काम उलटलं तेव्हा बिल तुझ्या आईच्या नावावर फाडलं.

मी निघालो तेव्हा रामाने हाक मारली नाही. वहिनीनेही पाणी विचारलं नाही.

अप्पा


नवापूर, १९ मे २०२५

हिमानी,

काल प्रयोगानंतर तू सामान टेम्पोत भरत होतीस, मी थांबलो नाही. तू थांब म्हणाली नव्हतीस. म्हणून लिहितो.

रूपलने फोनवर निरोप दिला तेव्हा मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "अठराला मुरब्याला प्रयोग आहे. आठव्या घरात हिमानी उभी राहणार नाही. तुम्ही राहायचं. काय बोलायचं ते तुम्ही ठरवा, पण तीन वाक्यांच्या वर नाही." माझ्या आयुष्यात मला कुणी तीन वाक्यांची मुदत दिलेली नाही. नगराध्यक्षांनीसुद्धा नाही.

नाटकात शिरून मला ते पहिल्यांदा पूर्ण दिसलं. चटईवरून दिसत नव्हतं ते हे की, ग्रह फिरतात आणि घरं तिथेच राहतात. मी चंद्र-मंगळाकडे पाहत होतो. तुझा सगळा रोख त्या रिकाम्या घरांवर होता, जिथे कोणताच ग्रह थांबत नाही आणि तरी तिथली माणसं बसून वाट पाहतात. सुरुवातीला तू जन्मवेळ वाचलीस. एक दहा. थोडी थांबलीस. खोडली नाहीस, बदलली नाहीस. मला आधी राग आला, मग कळलं. दर्पण त्याच वेळेत जगला. खऱ्या वेळेत तो एक दिवससुद्धा जगला नाही.

तू आईचं लुगडं नेसून चौथ्या घरात, आईच्या घरात, बसलीस. ते वाक्य तू म्हटलं नाहीस. माझ्याकडे पाठ.

माझी पाळी आली. मी बोललो.  ज्याला माइक लागत नाही असं लोक सांगतात, त्याचा आवाज दोन घरांपलीकडे गेला नाही. तेव्हा दहाव्या घरातून एक म्हातारी ओरडली, "मोठ्यानं बोल ना रे मास्तर! सभेत बोलतोस तसा बोल!" कोणीतरी हसलं. कोणीतरी तिला गप्प केलं.

मी पुन्हा बोललो, मोठ्याने:

"दर्पणचा जन्म सकाळी नऊ वीसचा, ती वेळ मी लपवली. तो बोटीवर जाऊ नये असं मला वाटत होतं, मी त्याच्या आईची भीती वापरली. ती मेली तोवर मी तिला हे सांगितलं नाही."

टाळ्या पडल्या नाहीत.  चंद्र झालेली मुलगी धावायचं विसरून उभी राहिली. रूपल मात्र थांबली नाही, तिचं पाऊल उचललेलं होतं ते तिने त्याच गतीने टेकवलं. रामा चुन्याच्या रेषेबाहेर वलांडीच्या बांबूला धरून उभा होता. तो आत आला नाही. निघूनही गेला नाही. जमुनावहिनीने पदर डोळ्यांना लावला, तो माझ्यासाठी नव्हता, एवढं मला कळतं.

आणि तुझी पाठ हलत होती. मी मान वळवून दुसरीकडे पाहिलं नाही.

नाटक संपल्यावर केदार भेटला.  "बाबा असते तर त्यांना कळलं असतं, गणित चुकलं नव्हतं," एवढंच म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारली.

मी चालत मुरब्याच्या नाक्यापर्यंत आलो. मला मोकळं वाटेल, असं मी मनात धरलं होतं. अशा गोष्टी बोलल्यावर माणसाला हलकं वाटतं, असं मीच लोकांना सांगत आलो. तसं काही होत नाही. फक्त जे ओझं तिच्या नावावर होतं ते आता माझ्या नावावर आहे, आणि ते वजनाला तेवढंच आहे.

पुढचा प्रयोग जूनमध्ये नाशिकला आहे, असं रूपलकडून कळलं. मी येईन. माझी तीन वाक्यं बोलेन आणि मिळेल त्या गाडीने परत फिरेन. तू माझ्याशी बोललं पाहिजेस असं नाही. त्यानंतर जिथे असेल तिथेही येईन, पाय चालतील तोवर. कुणी अनोळखी माणसं असतील, त्यांना दर्पण कोण, मंदा कोण, माहीतही नसेल. तरी त्यांनी ते माझ्या तोंडून ऐकावं.

अकरा प्रयोगांत ते आगीचं वाक्य तुझ्या आईच्या तोंडी होतं. मी माझं अजून एकदाच बोललो आहे.

अप्पा